माह्या जावंनं आवळलेला पीळ

आमच्या दैवशालानं बांधलेलं ओझं सुटत न्हाई. मी सांगते म्हणून नका मानू, केदारखेड्यापासून राजूरपस्तोर कोणालाबी विचारा. कडब्याच्या पेंढ्या ट्रॉलीत भरायच्या अन् वरून दोर टाकून आवळायचा, हे काम आमच्याकडं गडीमाणसं करत्यात. बायांनी खालून पेंढ्या उचलून द्यायच्या, बस्स. पण दैवशाला लग्न होऊन आली अन् दुसऱ्याच उन्हाळ्यात सरळ ट्रॉलीवर चढली. दोराच्या फासात एक दांडकं अडकवलं, गरागरा फिरवलं, अन् दोर असा काही ताणला की ट्रॉलीच्या फळ्या करकरल्या. खाली उभे असलेले गडी एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यले. मी काय म्हणले असन? मी म्हणले, "उतर खाली, भवाने! घरची सून हायस का आखाड्यातला पैलवान?"

ती उतरली. पण सगळा दोर आवळून झाल्यावर उतरली.

मी दुर्गाबाई, थोरली जाऊ. ती धाकटी, माह्या दिराची, सोमेश्वरची बायको. माह्या अन् तिच्या वयात सोळा वरसाचं अंतर. आमच्या सासऱ्याची हयात मेंढरामागं गेली, आता आम्ही मक्याचे अन् कपाशीचे. दोन म्हशी हायेत, दहा-बारा शेळ्या हायेत, अन् दोन भावांचं घर एकाच अंगणात हाय. मी बोलते शंभर, ती बोलते एक. अन् शेवटी होतं तिचंच! ह्याच्यानं माह्या अंगाचा किती येळा तिळपापड झाला असन त्याचा हिशोब न्हाई. भाजीत मीठ कमी पडलं तर मी सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलायचे, अन् ती गुपचूप मिठाचा डबा माह्यापुढं आणून ठेवायची. सांगा, अशा बाईशी भांडावं तरी कसं माणसानं?

एक गोष्ट मातर तिची खरी. रीत-रिवाजात तिनं कधी कमी केली न्हाई. आमचे मालक म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात धाकट्या सुनेनं भासऱ्यापुढं बसायचं न्हाई, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा न्हाई, त्यांना चुकूनबी हात लावायचा न्हाई. ताट वाढायचं तर ती ताट मला देणार, मी ह्यांच्यापुढं ठेवणार. सतरा वरसं एका अंगणात राहून ह्यांनी तिचा धड चेहरा पाह्यलेला नव्हता. ह्यांचं नाव मी घेत न्हाई, गाव ह्यांना सांडूभाऊ म्हणतं.

तर दोन साल झाले, आमच्या बचत गटाला भोकरदनचा निरोप आला. दोन दिवसाचं शिबिर हाय, अपघातात माणसाचा जीव कसा वाचवायचा ते शिकवणार, गटातून एक बाई पाठवा. ऐन सरकी टोचायचे दिवस. एकबी जायला तयार न्हाई. अन् ही मागच्या कोपऱ्यातून म्हणते, "मी जाते." मी घरी आल्यावर लई बोलले तिला. म्हणले, दोन दिवसाची मजुरी बुडवून तू काय डॉक्टरीण होऊन येणार हायस का? सुई टोचशीन का म्हशीला? ती म्हणली, "बघू." अन् सकाळी पहिल्या गाडीनं गेली.

तिथं शीतल मॅडम म्हणून शिकवायला आल्त्या. त्यांनी सांगितलं, हातापायाचं रक्त दाबूनबी थांबत न्हाई, पिचकारीवाणी उडून राह्यलं, तर जखमेच्या वर रुंद पट्टी बांधायची. सुतळी न्हाई, वायर न्हाई, चांगली चार बोटं रुंद पट्टी. त्याच्यात काडी घालून पीळ द्यायचा, रक्त थांबेपस्तोर. मंग मॅडमनं आपला दंड पुढं केला अन् म्हणल्या, कोण बांधून दाखवतं? आमची उठली. ट्रॉलीचा दोर आवळायची सवय! तिसऱ्या पिळाला मॅडम ओरडल्या, "बाई, बस! बस!" सगळ्या बाया हसल्या. पण मॅडम दंड चोळत म्हणल्या, हसू नका, अस्संच पाहिजे. दुखलं न्हाई म्हणजे बांधलंच न्हाई.

हे सगळं तिनं मला त्या रात्री चुलीपुढं सांगितलं. सोळा वरसात एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदा पाहून राह्यले होते. तेवढ्यावर थांबली का? न्हाई. माह्या हाताला पट्टी बांधून उलथन्याच्या दांड्यानं पीळ दिला! मी अशी किंचाळले की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राह्यल्या. "सोड गं मेले, हात तुटला माझा!" तिनं सोडलं अन् म्हणली, "अक्का, घरात शिकायला सोडायचं. खरं रक्त असलं की एकदा बांधलं ते बांधलं. दवाखान्यात डॉक्टरच सोडणार. अन् बांधलं किती वाजता ते माणसाच्या अंगावर लिहायचं, डॉक्टरला कळाया पाहिजे." मी म्हणले, हो हो, कळलं, आता भाकरी टाक.

तिनं शिबिरात अजून एक विचारल्तं. साप चावल्यावर आमचे लोक दोरी आवळत्यात, तेच हे का? मॅडम म्हणल्या, बिलकुल न्हाई. सापाला काहीच आवळायचं न्हाई, हात-पाय हलू न देता जल्दी दवाखान्यात न्यायचं. आता आमच्या शेजारी रामराव हायेत, साठीच्या पुढचे. साप चावला की पंचक्रोशीतले लोक आधी त्यांच्याकडं येणार. ते दोरी बांधणार, अन् थोड्या थोड्या वेळानं सैल करणार, रक्त फिरू द्यावं म्हणून. दैवशालानं मॅडमचं बोलणं त्यांना जाऊन सांगितलं. आठ दिवस त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. त्याच्यावरूनबी मी तिलाच बोलले.

मागच्या सालची गोष्ट. अंगारकी चतुर्थी, मंगळवार. राजूरच्या गणपतीला अंगारकीला काय गर्दी असते ते ज्यानं पाह्यलं त्यालाच ठाऊक. पहाटंपासून रस्त्यानं माणसं चालून राह्यलेली. आमच्या मालकांना दर्शनाला जायची घाई. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळला, अन् जाता जाता म्हशींना वैरण टाकून जावं म्हणून वैरण कापायच्या कुट्टीच्या मशीनवर उभे राह्यले. मका वली होती. वली वैरण मशीनमधी अडकते, मंग मशीन बंद करून काढावी लागते. हे त्यांना ठाऊक न्हाई का? बराबर ठाऊक! पण घाई. चालू मशीनमधी हातानं रेटा दिला.

मी अंगणात दुर्वा निवडत बसल्ते. मशीनचा आवाज एकदम बदलला, मंग ह्यांचा आवाज आला. तसा आवाज मी जल्मात ऐकला नव्हता. सोमेश्वरनं पळत जाऊन बटन बंद केलं, हात मोकळा केला, अन् तिथंच थिजून गेला. ह्यांचा उजवा हात मनगटाच्या वर फाटलेला, पंजा नुसता लोंबून राह्यलेला, अन् रक्त? अहो, रक्त उडून माह्या दुर्वांवर आलं. मी तोंडात पदर कोंबून उभी. चौतीस वरसाचा संसार माह्या डोळ्यापुढं त्या वैरणीत वाहून चालल्ता अन् मी उभी!

दैवशाला घरातून आली. पळत न्हाई आली, झपझप आली. आधी आपला पदर कमरेतून उपसला अन् जखमेवर दोन्ही हातानं दाबला. मोजून क्षण दोन क्षण. पदर लाल होऊन गळायला लागला. मंग तिनं काय करावं? सरळ ह्यांच्या डोक्यावरचा रुमाल ओढला! भासऱ्याच्या डोक्याचा रुमाल! माह्या सासूनं पाह्यलं असतं तर चक्कर येऊन पडली असती. तिनं रुमालाच्या घड्या घातल्या, चार बोटं रुंद पट्टी केली, कोपराच्या वर दंडाला गुंडाळून गाठ मारली. वर तुराटीचं दांडकं ठेवलं, दुसरी गाठ दिली अन् फिरवलं. तुराटी मट्कन मोडली.

"अक्का, लाटणं!"

मी उभीच.

"अक्का! लाटणं आणा! जल्दी!" सतरा वरसात पहिल्यांदा तिनं माह्यावर आवाज चढवला. मी पळाले. लाटणं आणलं. तिनं ते गाठीत घातलं अन् ह्यांचा दंड आपल्या गुडघ्याखाली दाबून पीळ द्यायला लागली. एक, दोन. हे गुरासारखे हंबरून राह्यले. तिनं तोंड वर केलं न्हाई. तिची नजर जखमेवर. तिसऱ्या पिळाला धार बारीक झाली, चौथ्याला थेंब, अन् मंग थेंबबी थांबला. पाण्याचा नळ बंद करावा तसं थांबलं हो ते! रुमालाच्या शेवटानं तिनं लाटणं दंडाला बांधून टाकलं, उलटं फिरू नये म्हणून.

"टाइम किती झाला?" तिनं सोमेश्वरला विचारलं.

त्यानं मोबाईल पाह्यला. "दहा चाळीस."

आता अंगणात पेन कुठून येणार? तिनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् माह्याकडं आली. मी मेणावर कुंकू लावते, जुन्या पद्धतीचं, चांगलं रुपयाएवढं. तिनं अंगठा टेकवला अन् माह्या कपाळाचं कुंकू पुसून घेतलं. माझा नवरा तिथं रक्ताच्या थारोळ्यात पडलेला, अन् ही माझं कुंकू पुसून राह्यली! तिनं त्या अंगठ्यानं ह्यांच्या कपाळावर आकडे काढले. दहा चाळीस. मला दिसत होतं ती काय लिहून राह्यली, कामून लिहून राह्यली. पण डोक्यात शिरंल तर ना! डोक्यात एकच, हिनं माझं कुंकू पुसलं.

एकशेआठला फोन लागला. ते म्हणले, गाडी राजूरच्या पलीकडं जालन्याच्या बाजूला हाय, गर्दीतून अलीकडं येता येईना, तुम्ही तिथवर आणा. सोमेश्वरचा छोटा हत्ती टेम्पो दारात उभा होता, बाजारात भाजी न्यायचा. मागं पोती टाकली, ह्यांना निजवलं. ह्यांचं डोकं माह्या मांडीवर. दैवशाला हात धरून बसली. आरडाओरडा ऐकून रामराव आल्ते, तेबी चढले.

राजूरच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं माणसंच माणसं. नारळवाले, हारवाले, लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, अनवाणी चाललेल्या बाया. सोमेश्वर हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आला. कोणाला काय कळणार? सगळेच हॉर्न वाजवून राह्यले होते. दैवशालानं एकदा पुढं पाह्यलं, एकदा ह्यांच्याकडं. मंग मला म्हणली, "अक्का, मी उतरून वाट करते. लाटण्याला हात लावायचा न्हाई. दादा ओरडले तरी न्हाई, काहीबी झालं तरी न्हाई. कळलं?"

मी मान हलवली.

ती उतरली. रक्तानं भिजलेलं लुगडं, डोक्यावर पदर न्हाई, केस सुटलेले. दोन्ही हात पसरून गाडीपुढं चालायला लागली. "माणूस मरून राह्यलाय! वाट द्या! बाप्पा, वाट द्या!" जी बाई घरात एक शब्द बोलायला महाग, तिचा आवाज मला शेवटपस्तोर ऐकू येत होता. लोक तिला पाहून बाजूला होत होते. गाडी एकेक पाऊल सरकून राह्यली.

अन् इकडं माह्या मांडीवर हे. हात पांढराफटक पडल्ता, मंग निळसर दिसायला लागला. "दुर्गे, सोड गं. सोड. जळून राह्यलंय." चौतीस वरसात त्यांनी माह्याकडं कधी काही मागितलं न्हाई. रामराव म्हणले, "वैनी, हात सडंल. रक्त फिरू द्या थोडं. मी एवढ्या लोकांचं सोडलं, मला न्हाई कळत का? जरा सैल करा अन् परत आवळा."

मी काय सांगू तुम्हाला? मला वाटलं, ती कालची पोर, तिला काय ठाऊक. मला वाटलं, तिनं माझं कुंकू पुसलं. मला वाटलं, माह्या नवऱ्याचं मला जास्त कळतं. गाठ सोडली अन् लाटणं उलटं फिरवलं. एक पीळ. दुसरा पीळ.

ह्यांनी "हां" म्हणून श्वास सोडला. मला बरं वाटलं. एवढंच, डोळ्याचं पातं लवावं एवढंच बरं वाटलं. मंग जखमेवरच्या फडक्यातून रक्त भसकन वर आलं. पोती भिजली, माझं लुगडं भिजलं. मी लाटणं परत फिरवायला गेले तर बोटं रक्तानं सटकून राह्यली, फिरंचना. रामरावांना म्हणले, "आवळा ना आता!" ते गाडीच्या फळीला धरून बसले. ह्यांचे डोळे वर गेले. मी जोरानं हाक मारली, दैवशालाच्या नावानं. देवाच्या न्हाई. पंचवीस पावलावर गणपती होता अन् माह्या तोंडात तिचं नाव आलं.

ती चालत्या गाडीवर चढली. पाह्यलं. अन् माह्या थोबाडीत अशी ठेवून दिली की माह्या डोळ्यापुढं काजवे चमकले. धाकट्या जावंनं! थोरलीच्या! भर रस्त्यात, अंगारकीच्या दिवशी, अख्ख्या राजूरसमोर! मला बाजूला ढकललं, लुगड्याला हात पुसले, लाटणं धरलं अन् फिरवलं. ह्या येळेला पाच पीळ. रक्त थांबलं. परत बांधलं. परत टाइम विचारला. माह्या कपाळावर जे काही कुंकू उरलं होतं ते पुसलं अन् पहिल्या आकड्याखाली लिहिलं. अकरा पंचवीस. मंग लाटण्यावर आपला हात ठेवून बसली ती जालन्यापस्तोर उठली न्हाई. राजूरच्या पलीकडं अँब्युलन्समधी चढवताना कंपाउंडर म्हणला, बाई, तुम्ही हात सोडा, आम्ही पाहतो. तिनं त्याच्याकडं असं पाह्यलं की त्यानं आपला हात मागं घेतला.

दवाखान्यात ह्यांना आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले, तरणेच होते, चष्मा लावलेला. "कपाळावर टाइम कोणी लिहिला?" दैवशाला पुढं झाली. "चांगलं केलं. पण दोन टाइम कसे? मधे कोणी सोडलं?"

माझं तोंड उघडंना. रामराव जमिनीकडं पाहून राह्यले.

"म्या सोडलं," दैवशाला म्हणली. "दया आली."

डॉक्टर असे भडकले! "दया? शिकून आलात अन् अर्धवट काम करता? ह्या दयेनं माणसाचं केवढं रक्त गेलं, कळतं का तुम्हाला? वाचतील का न्हाई, मी आत्ता सांगू शकत न्हाई!" सगळ्या लोकांसमोर. ती खाली मान घालून ऐकून राह्यली. अन् मी, शंभर बोलणारी, एक शब्द न्हाई बोलले.

दोन दिवस हे आतल्या खोलीत होते. किती बाटल्या रक्ताच्या चढवल्या. सोमेश्वरनं रक्त दिलं, गावच्या पोरांनी दिलं. पंजा गेला, तो काही जोडता आला न्हाई. पण प्रश्न पंजाचा नव्हताच. मी बाहेरच्या फरशीवर बसून. दैवशाला डब्यातली भाकर माह्यापुढं ठेवायची, मी तशीच ठेवायची. मला तिच्याकडं पाहावंना. हे गेले तर मारणारी मी, अन् बोल तिच्यावर. मला वाटायचं, आत्ता उठावं अन् सांगावं. मंग वाटायचं, हे वाचले तर सांगीन. अन् न्हाई वाचले तर? तर मी कोणत्या तोंडानं सांगू? असे दोन दिवस काढले मी.

तिसऱ्या दिवशी ह्यांना वार्डात आणलं. शुद्धीवर होते, तोंड चुन्यासारखं पांढरं, पण डोळे उघडे. डॉक्टर आले, त्यांच्यामागं शिकाऊ पोरं-पोरी, पाच-सात. डॉक्टर त्यांना म्हणले, "हा पेशंट वाचला तो ह्या बाईंमुळं. रुमाल अन् लाटणं, दुसरं काही न्हाई. पण एक चूक पाहा. मधे त्यांनी सोडलं. ती चूक तुम्ही कधी—"

"म्या सोडलं!"

एवढ्या जोरानं बोलले मी की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "डॉक्टर, तिला बोलू नका! तिनं बांधलं, अन् मला बजावून गेली हात लावू नको म्हणून. म्या सोडलं. माह्या ह्या हातानं. तिनं परत आवळलं. अन् तुम्ही इचारलं तवा माझी जीभ झडल्ती!" बोलता बोलता मला रडू फुटलं. लाज न्हाई वाटली.

"अक्का, गप बसा," दैवशाला म्हणली. "डॉक्टर, म्याच सोडलं व्हतं. ह्यांच्या मनावर परिणाम झालाय."

"कोणाच्या मनावर परिणाम झालाय गं?" मी म्हणले. "तू शहाणी, अन् मी येडी का?"

डॉक्टर आमच्या दोघींकडं आळीपाळीनं पाहून राह्यले. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"म्या सांगितलं तिला, सोड म्हणून." हे बोलले. तीन दिवसातला पहिला शब्द. "दोघीचीबी चूक न्हाई. मला सहन होईना. अन् डॉक्टर," ह्यांनी दम घेतला, "मला डोळ्यापुढं अंधारी आल्ती. कानात सगळं लांब लांब चाललं व्हतं. मंग चटकन आवाज झाला, हिच्या थोबाडीत बसल्याचा. तवा म्हणलं, चला, आता आपण मरत न्हाई."

एक शिकाऊ पोरगी फस्सकन हसली. मंग सगळा वार्ड हसला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. दैवशालाच्या पुढं जाऊन उभे राह्यले अन् म्हणले, "बाई, मी तुम्हाला परवा बोललो. माझं चुकलं." मंग पोरांकडं वळून म्हणले, "हे बांधणं कोणीबी शिकंल. पण समोरचा रडून राह्यला, घरचे हात जोडून राह्यले, म्हातारे अक्कल शिकवून राह्यले, तरी धरून ठेवायचं, हे हिच्याकडून शिका."

सतरा वरसं मी हिला म्हणत आले, बाईसारखं वाग, गुमान राहा. बरं झालं बाई, तू माझं एक ऐकलं न्हाई! ह्यांच्या अंगात त्या दिवशी जेवढं रक्त उरलं, तेवढं सगळं तिच्या मुठीनं धरून ठेवलेलं होतं. मी त्या पोरा-पोरींना सांगितलं, ही माझी जाऊ. दैवशाला तिचं नाव. लिहून घ्या.

डॉक्टर गेल्यावर ती माह्याजवळ फरशीवर बसली. तीन दिवस डोळ्याला पाणी नव्हतं तिच्या, ते आता वाहायला लागलं. माह्या गालाकडं पाहून म्हणली, "अक्का, तुम्हाला मारलं मी. मनात ठेवू नका."

"ठेवणार!" मी म्हणले. "मरेपस्तोर ठेवणार. अन् येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगणार, माह्या धाकट्या जावंनं मला अख्ख्या राजूरसमोर मारलं म्हणून!"

तवापासून सांगून राह्यले.